मैनाबाईसाहेबांनी छोटी काचपाटी घेतली, त्याची हकीकत

श्रीगजानन साह्य असो, शारदा जिभेवर बसो, आणि ज्यास ऐकता ऐकता झोप येईल त्याने खुशाल भिंतीस टेकावे, त्याचा राग नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव पुसू नये, कारण नाव सांगितले की तेथील माणसे येतात आणि आमचे येथे ऐसे घडलेच नाही म्हणून भांडत बसतात. गड मोठा बुलंद. इतका उंच की तळी शिजवलेला भात वर पोचेतो शिळा होत असे, आणि तटावर वाळत घातलेले धोतर ढगास अडकून परमुलखात जाऊन वाळत असे, आणि तेथला राजा ते घडी घालून परत पाठवी, हे पाहिलेली माणसे अजून आहेत. त्या गडावर थोरल्या बाईसाहेब नांदत होत्या, नाव मैनाबाईसाहेब. त्यांचे यजमान मोहिमेत पडले तेव्हा पुत्र हैबतराव पाळण्यात होते, म्हणून बाईसाहेबांनी राज्य आपण राखिले, आणि पुत्र मोठे जाहले तेव्हा शिक्का त्यांचे हाती दिला आणि आपण फक्त पुस्तके मागून घेतली. मग झोपाळा आणि पुस्तक, पुस्तक आणि झोपाळा, ऐसा क्रम चालला. परंतु वय जाहले आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो वैद्यांनी काढिला, आत भिंग बसविले, आणि तटावरून पाहता खालच्या रस्त्यावरील घोडा कोणत्या पायाने लंगडतो तेही दिसू लागले, पण जवळचे बारीक अक्षर मात्र चष्मा लावूनही मुंग्यांच्या रांगेसारखे चालते जाहले. हातात भिंग धरून पाहावे तर मनगट दुखे, आणि मनगट सांभाळावे तर मुंग्या.

तेव्हा राजांनी आज्ञा केली की आईसाहेबांस पुस्तक वाचून दाखवावे, आणि त्यात कोणी कसूर करू नये. मग ऐसे ठरले की सकाळी खुद्द राजे हैबतराव वाचतील, दुपारी सूनबाई भागीरथीबाई वाचतील, आणि दिवेलागणीस दिवाण त्रिंबकपंत वाचतील. पुस्तक काय, तर तानी नाखवीण म्हणून एक विधवा बाई, तिने नवऱ्यामागे त्याचे गलबत आपण चालविले, तिजपाशी सिदोजी नावाचा इमानी तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता, तिची कहाणी. बाईसाहेबांस ती फार भावली. झोपाळ्यावर बसून ऐकत आणि मध्येच म्हणत, "तानीने शीड उतरवायला पाहिजे होतं, चुकली ती." ऐसे चालले असता एके दिवशी सकाळी राजांनी वादळाचे प्रकरण काढिले. लाटा आल्या, डोलकाठी मोडली, सिदोजी समुद्रात गेला, आणि राजे क्षणभर थांबले, घसा साफ केला, पान उलटले, आणि बोलिले, "मग सिदोजी पोहून आला आणि गरम पेज पिऊन निजला." बाईसाहेब संतोष पावल्या. दुपारी सूनबाई बसल्या आणि तानीने सुकट कशी वाळविली, मीठ किती लाविले, इतकेच वाचून उठल्या. संध्याकाळी दिवाण आले, त्यांनी खुणेची दोरी काढिली आणि वाचू लागले की तानीने सगळ्या बंदरास जेवण घातले, पंगती बसल्या, केळीची पाने मांडली, वरण-भात-आमटी वाढली.

बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, पंगतीत सिदोजी कुठे बसलाय ते सांगा. त्याला आमटी जास्त लागते."

दिवाण म्हणाले, "बाईसाहेब, सिदोजी कसा बसेल? त्याचंच तेरावं आहे."

झोपाळा जागच्या जागी थांबला. तो असा की त्याच्या कड्या वाऱ्यानेही हलेनात, आणि गडावरची कबुतरे उडता उडता हवेत उभी राहिली म्हणतात, ते खरे असो वा नसो, झोपाळा थांबला हे खरे. बाईसाहेबांनी तिघांस पुढे बोलाविले आणि पुसिले, "सकाळी पेज पिऊन निजलेला माणूस संध्याकाळी तेराव्याला कसा गेला?" राजे हैबतराव शूर खरे, तलवार धरिली तर झाडे वाट देत, पण कागदावर कोणी मेले तरी त्यांचे डोळे भरून येत. ते खाली पाहून म्हणाले, "आईसाहेब, तो बुडाला. मला वाचवेना. आपणास त्रास नको म्हणून पोहवून आणला." मग भागीरथीबाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "त्यानंतर तानी रडते, सासूबाई. तो तांडेल, हिचा कोणी नव्हे, तरी दोन पानं रडते आणि त्याची आठवण काढते. तुमच्यापुढे ते वाचायची मला लाज वाटली, म्हणून सुकट वाचली." दिवाणांकडे पाहिले, तर ते म्हणाले, "मी तर एक अक्षर गाळलेलं नाही. मी दिवाण आहे." मग बाईसाहेबांनी मागली सारी प्रकरणे मनात चाळून पाहिली आणि ध्यानी आले की इतक्या दिवसांत या पुस्तकात कोणी मेले नाही, कोणी कोणावर जीव लाविला नाही आणि कोणी काही चोरले नाही. राहिले काय, तर वाऱ्याची दिशा आणि जेवणाची वर्णने. त्यांचे चित्त विटले. त्या म्हणाल्या, "हैबतराव, तुमचे वडील मोहिमेत पडले तेव्हाही या दरबाराने मला किंचित जखम म्हणून सांगितलं. सारा गड जाणत होता, दासी जाणत होत्या, हत्तीचा माहूत जाणत होता, आणि मी जखमेला लावायला लेप वाटत बसले होते. त्या दिवशी जे गाळलंत ते गाळलंत. आता माझ्या आयुष्यातलं एक पानही दुसऱ्याच्या बोटांनी उलटायचं नाही." आणि मग त्यांनी जाहीर केले की आम्ही काचपाटी घेणार. काचपाटी म्हणजे व्यापारी लोक जीस टॅबलेट म्हणतात ती, जीत हजार पुस्तके राहतात आणि अक्षर बोटाने ताणले की हरभऱ्याएवढे होते. "आणि घेणार ती छोटी," ऐसे बोलून त्या उठून गेल्या.

दुसरे दिवशी दरबार भरला. मसलत इतकी लांबली की दारीचा हत्ती उभ्या उभ्या झोपला आणि त्याच्या घोरण्याने झेंडे फडफडू लागले. राजे म्हणाले, "आईसाहेब, आपला मोबाइल आहे की. त्यातच वाचावं." बाईसाहेब म्हणाल्या, "त्यात अक्षर मला दिसेल एवढं केलं की एका ओळीत दोन शब्द मावतात. 'तानी म्हणाली' एवढं वाचायचं आणि पान सरकवायचं. ती काय म्हणाली ते कळेपर्यंत मी कैलासवासी होईन." मग दिवाण त्रिंबकपंत उठले. त्यांचे पागोटे एवढे मोठे की पंत उठून बराच वेळ झाला तरी पागोटे उठतच असे. ते म्हणाले, "घ्यायचीच तर मोठी घ्यावी. खिडकीएवढीही मिळते. छोटी वस्तू घराण्यास शोभत नाही. मोठी आणू, दरबारात भिंतीस लावू, बाईसाहेबांनी झोपाळ्यावरून पाहावं, आम्हीही पाहू." बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीही पाहू, तेच नको आहे." भागीरथीबाई म्हणाल्या, "सासूबाई, चुकले मी. आता लाज सोडून सगळं वाचीन. दुपारी तुमच्यापाशी बसते तेवढंच मला बरं वाटतं." तेव्हा बाईसाहेब मऊ होऊन म्हणाल्या, "बसायला या की. सुपारी कातरायला या, गावच्या गोष्टी सांगायला या. तुमचा आवाज गोड आहे, त्याचा राग नाही. पण दुसऱ्याने वाचलं की तो दार उघडील तेवढंच घर दिसतं. मला दार आपण उघडायचं आहे, आणि आत चोर असला तर तोही मला पाहायचा आहे."

दिवाणांनी पाहिले की बाई ऐकत नाहीत, म्हणून त्यांनी राज्याचा जुना रिवाज काढिला. त्या राज्यात रिवाज ऐसा की नवी वस्तू आणण्याआधी तिचा उपयोग दरबारास दाखवावा. घोडा घ्यायचा असेल तर आधी भिंतीवर खोगीर टाकून त्यावर बसून राहावे, आणि भिंतीवरून जो पडला त्यास घोडा मिळत नसे. एका सरदाराने तर भिंतीवर बसून ऐसी टाच मारिली की भिंत निघाली आणि वेशीपर्यंत गेली, त्याची खूण वेशीस अजून आहे. दिवाण म्हणाले, "काचपाटीचाही उपयोग रिवाजाप्रमाणे सिद्ध व्हावा. न आणता दाखवावा." आणि मनात म्हणाले, आता कशा दाखवतात ते पाहू. बाईसाहेबांनी मुजरा घेतल्यासारखी मान हलविली आणि धोंडू मेस्त्री सुतारास बोलाविले आणि सांगितले, "मेस्त्री, तीन फळ्या करून द्या. बाजारात चौकशी करा, मोठीचं वजन केवढं, मधलीचं केवढं, छोटीचं केवढं, आणि तंतोतंत त्या मापाच्या आणि त्या वजनाच्या करा. कडा घासून द्या." मेस्त्री म्हणाला, "बाईसाहेब, यांच्यावर पोळ्या लाटायच्या का?" बाईसाहेब म्हणाल्या, "वाचायच्या."

फळ्या आल्या आणि तालीम सुरू जाहली. आधी मोठी घेतली. बसून धरिली तोवर ठीक, पण दुपारी बाईसाहेब आडव्या जाहल्या आणि ती डोळ्यांपुढे धरून वाचण्याचा डौल करू लागल्या, तो डुलकी लागली आणि फळी नाकावर आली. नाक ऐसे सुजले की संध्याकाळी त्याची सावली दरबारात आधी पोचली आणि बाईसाहेब मागून पोचल्या. मोठी बाद जाहली. मग मधली घेतली. ती नाकावर आली नाही, पण तिला दोन्ही हात लागत, मग सुपारी कोणी कातरावी, डास कोणी मारावा, पाठ कोणी खाजवावी. मधलीही बाद. मग छोटी घेतली. ती एका हातात राहिली, मनगट कुरकुरले नाही, झोपाळ्याला झोका देता आला, कुशीवर वळले तरी ती वळली, आणि उशीखाली सारिली तर उशीला कळले नाही. बाईसाहेब मेस्त्रीस म्हणाल्या, "ही. हिच्याहून गुंजभरही जड चालणार नाही." मग त्यांनी ती फळी रोज वाचावयास घेतली. कोऱ्या लाकडावर नजर ठेवावी, बोटाने पान सरकवावे, कधी हसावे, कधी मान हलवावी. गडावर बोलवा उठली की थोरल्या बाईसाहेब लाकूड वाचतात. शेजारच्या राजास बातमी गेली, त्याने दया येऊन आपला डोक्याचा वैद्य पाठविला. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाला, "बाईसाहेब, या फळीवर तर काहीच नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "तुमच्या राजाच्या तिजोरीसारखी आहे का? बघा बरं नीट." वैद्य जेवून परत गेला आणि पुन्हा आला नाही.

मग बाईसाहेबांनी दरबार भरवून घेतला आणि म्हणाल्या, "उपयोग दाखवायचा ना? ऐका." आणि छोटी फळी एका हातात धरून, दुसऱ्या हाताने सुपारी तोंडात टाकून, कोऱ्या लाकडावरून वाचू लागल्या. आवाज ठणठणीत. त्या वाचत्या जाहल्या की बंदरावर एक दिवाण होता, त्याचे पागोटे मोठे होते, आणि तानी वादळातून मोडके गलबत घेऊन आली तेव्हा त्याने मदत करतो म्हणून गलबताची शिडे उतरवून घेतली, आणि रातोरात ती आपल्या घरी नेली, आणि लेकीच्या लग्नाला त्यांचा मांडव घातला. दिवाण त्रिंबकपंत चुळबुळ करू लागले. बाईसाहेबांनी बोटाने पान सरकविले आणि वाचिले की मांडवाखाली वऱ्हाडी बसले, आणि वारा आला, आणि शिडे ती शिडेच, वारा भरताच मांडव वऱ्हाडासकट समुद्राकडे चालू लागला. आता त्रिंबकपंतांस राहवेना. ते उठून म्हणाले, "हे पुस्तकात नाही. मांडव बिंडव काही नाही. पुस्तकात त्याने शिडं परक्या गलबतवाल्यास विकली आहेत."

बाईसाहेबांनी फळी मांडीवर ठेविली. "म्हणजे शिडं होती," त्या म्हणाल्या. "आणि दिवाण होता. आणि चोरी होती."

दिवाणांचे पागोटे हळूहळू खाली बसले. ते कसेबसे म्हणाले, "दिवाणांची बदनामी होती, म्हणून... दोन-तीन पानं." भागीरथीबाईंनी पदर तोंडास लाविला आणि त्या पदरामागे हसत होत्या हे सर्वांनी पाहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, कोऱ्या फळीने एवढं बाहेर काढलं. खरी काचपाटी आली तर काय काय निघेल?" दिवाण म्हणाले, "तीच भीती आहे." राजे हैबतराव गादीवरून उतरले आणि म्हणाले, "उपयोग सिद्ध जाहला. आईसाहेबांनी वाटेल ती काचपाटी घ्यावी, राज्याची ना नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं, पण बरं जाहलं." आणि ती आपल्या खासगीतून घ्यायची, सरकारातून नव्हे, ऐसे त्यांनी वर सांगून ठेविले, की उद्या कोणी ती सरकारची म्हणू नये.

मग सौदागर आला. तो गोडबोला, उंटावर माल आणि जिभेवर साखर. त्याने आधी मोठी काढिली आणि म्हणाला, "बाईसाहेब, हिच्यावर सारं राज्य दिसेल." बाईसाहेब म्हणाल्या, "राज्य मी पाहिलंय. छोटी काढा." तो म्हणाला, "हिच्यात नाच दिसतो, खेळ चालतात, चित्रं काढता येतात." त्या म्हणाल्या, "वाचता येतं का?" तो गोंधळून म्हणाला, "वाचता तर येतंच, पण त्यासाठी कोणी घेत नाही." "आता घेतलं म्हणून सांगत जा. छोटी काढा." त्याने नाइलाजाने पोतडीच्या तळातून छोटी काढिली आणि प्रामाणिकपणे सांगितले, "ही जरा हळू आहे. बोट लावलं की थोडा विचार करते आणि मग पान उलटते." बाईसाहेब म्हणाल्या, "विचार करून पान उलटणारं या गडावर कोणी नव्हतंच, बरं होईल." मग त्यांनी डोळे मिटले, एका हातात फळी आणि एका हातात काचपाटी घेतली, आणि दासीकडून हात पालटून घेतले, पुन्हा पालटून घेतले, आणि कोणती कोणत्या हातात ते जेव्हा त्यांस ओळखता येईना तेव्हा डोळे उघडले. मग ती खिडकीशी नेऊन पाहिली. उन्हात तीत अक्षराऐवजी आपलेच तोंड दिसे, म्हणून पाठ फिरवून पाहिली तर अक्षर आले. "सकाळी झोपाळ्याचं तोंड फिरवावं लागेल," त्या म्हणाल्या. अक्षर ताणून पाहिले, हरभऱ्याएवढे केले, वाटाण्याएवढे केले, आणि एका वेळी बारीक भोपळ्याएवढे जाहले तेव्हा सौदागरच घाबरला. वीज पाजली की किती चालते ते पुसिले, आणि निव्वळ वाचले तर पुष्कळ चालते, नाच पाहिला तर लवकर थकते, ऐसे त्याने सांगितले. "मग आमचं जमेल," बाईसाहेब बोलिल्या, आणि काचपाटी घेतली.

येथवर सर्व ठीक जाहले, परंतु पुढे त्या राज्याच्या लोकांनी त्यांचा नेहमीचा घोळ केला. त्या राज्यात चांगली वस्तू आली की ती वापरू नये, सांभाळावी, ऐसी वहिवाट. नव्या गाद्यांवरील कागद तीन पिढ्या कोणी काढीत नसे, राजे गादीवर बसले की कागद चुरचुरे आणि परक्या वकिलांस वाटे की राजेच कुरकुरतात. तेव्हा काचपाटी गडावर येताच तिची पूजा जाहली, पाठीवर कुंकवाचे स्वस्तिक काढिले, हळद वाहिली. मग राजांनी मायेने तिच्या काचेवर दुसरी काच बसविली. भागीरथीबाईंनी स्वतः बसून मखमलीची खोळ शिवली, आत कापूस, कडेला गोट, वर बुटी, आणि खोळ मळू नये म्हणून खोळीस दुसरी खोळ. दिवाण त्रिंबकपंतांस आपली चूक पुसून काढावयाची होती, म्हणून त्यांनी सर्वांवर जाड चामड्याचे वेष्टण घातले, कोपऱ्यांस पितळेची फुले ठोकिली आणि बंद लाविला, तो तोफखान्याच्या लोहाराकडून. आणि ही सारी सुबक वस्तू काचेच्या कपाटात ठेवून किल्ली सूनबाईंनी कमरेस खोविली. बाईसाहेबांनी पुसिले, "माझी काचपाटी कुठे आहे?" तर सगळे आनंदाने म्हणत, "सुरक्षित आहे. सणावाराला काढू." बाईसाहेब फळी घेऊन बसल्या. दसरा येऊन गेला, काचपाटी निघाली, सोने वाहून परत कपाटात गेली. तेव्हा बाईसाहेबांनी भर दरबारात सांगितले, "आणा ती. इथे, माझ्या हातात."

आणिली. ती उचलून आणणारा गडी घामाघूम जाहला होता. बाईसाहेबांनी डाव्या हातात धोंडू मेस्त्रीची फळी घेतली आणि उजव्या हातात काचपाटी घेतली, आणि डावा हात जागेवर राहिला आणि उजवा थेट मांडीवर आला, आणि झोपाळा एका बाजूस कलला. बाईसाहेब म्हणाल्या, "मी या फळीएवढी घेतली होती. ही बाकीची मंडळी कोण?" मग त्यांनी वेढा घातलेला किल्ला घ्यावा तैसा एकेक तट पाडावयास आरंभ केला. आधी लोहाराचा बंद अडकित्त्याने उचकटला. चामडे गेले, पितळेची फुले फरशीवर घरंगळली आणि दिवाण त्यांच्यामागे ओणवे धावले. मग बाहेरची खोळ गेली, मग आतली खोळ गेली. भागीरथीबाई पुढे होऊन म्हणाल्या, "सासूबाई, नका हो. पडली तर फुटेल." बाईसाहेब म्हणाल्या, "फुटू दे. मी पडले तर मीही फुटेन, मला कुठे कापूस घातलाय तुम्ही? वापरून फुटली तर ती माझी होती. कपाटात राहिली तर ती कपाटाची." मग त्यांनी राजांनी बसविलेली काच नखाने सोडविली आणि राजांच्या हाती दिली. "ही तुमच्याकडेच ठेवा, मला तुमच्याकडून एवढं जपून घ्यायचं नाही." पाठीवरचे कुंकवाचे स्वस्तिक मात्र ठेविले, म्हणाल्या, "याला वजन नसतं." आणि भागीरथीबाईंची मखमल घडी करून मांडीखाली घेतली, की मेहनत वाया जाऊ नये. पुन्हा दोन्ही हात वर धरिले. फळी आणि काचपाटी एका रेषेत राहिली.

मग बाईसाहेबांनी झोपाळ्याचे तोंड फिरविले, अक्षर हरभऱ्याएवढे केले, आणि दरबाराकडे पाठ करून वाचू लागल्या, आणि प्रथम ओठांतल्या ओठांत वाचिले, कारण ते त्यांचे होते. वादळ आले. डोलकाठी मोडली. सिदोजीने तानीस दोरी दिली आणि आपला हात सोडिला. तानी रडली, आणि ती खरोखर दोन पाने रडली, आणि बाईसाहेबांनी एकही ओळ सोडिली नाही. काचपाटी विचार करी आणि पान उलटी. बाईसाहेबांचे डोळे पाणावले, तेव्हा त्यांनी अक्षर आणखी मोठे केले आणि तशाच वाचत राहिल्या. लेप वाटीत बसलेली एक तरुण बाई त्यांस त्या वेळी दिसली असेल, दरबारास ती दिसली नाही. राजे हैबतराव दबक्या पावलांनी पुढे आले आणि लहान मुलासारखे पुसिले, "आईसाहेब, तो बुडाला का?"

"बुडाला."

राजे डोळे पुसत मागे वळले, तो बाईसाहेब न पाहता म्हणाल्या, "बसा. या खेपेला कोणी पेज पिऊन निजणार नाही. इथून मी मोठ्याने वाचते, आणि उठायचं नाही." राजे फरशीवर झोपाळ्यापाशी बसले. भागीरथीबाई सुपारी घेऊन बसल्या. दिवाण दारापाशी पितळेची फुले गोळा करण्याच्या निमित्ताने रेंगाळले आणि ऐकू लागले. बाईसाहेबांनी तानीचे रडणे पुन्हा आरंभापासून मोठ्याने वाचिले, सासू आणि सून दोघीही त्यात रडल्या आणि कोणासही लाज वाटली नाही. राजे शेल्यात तोंड घालून रडले, परंतु उठले नाहीत. मग शिडांची चोरी आली, तेव्हा बाईसाहेबांनी आवाज आणखी चढविला, आणि दिवाण गेले नाहीत, कारण पुढे त्या दिवाणाचे काय होते हे त्यांनीही कधी वाचिले नव्हते.

येणेप्रमाणे मजकूर घडला तो सांगितला. काचपाटी पुढे एकदा झोपाळ्यावरून पडली, कोपऱ्यास चीर गेली, आणि त्या चिरेसकट बाईसाहेब वाचीत असत. मोठी फळी दिवाणांस इनाम दिली, की गाळावेसे वाटेल ते त्यांनी तिच्यावर वाचावे. कोणी पुसेल की छोटी काचपाटी घेण्याजोगी आहे की नाही, तर त्याने आधी फळी करून हातात धरावी, दरबाराचे ऐकावे आणि मानू नये, आणि घेतली तर कपाटात ठेवू नये. बाकी शहाण्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यावे, आम्ही यात एक अक्षर गाळिले नाही, घातलेली असतील ती निराळी.